कुठल्या पाण्याचा मासा?

१ जूनला पावसाळी बंदी लागते. हर्णै बंदरातल्या होड्या वर ओढल्या जातात, जाळी घरी येतात आणि संध्याकाळचा लिलाव थांबतो. त्या लिलावात चाळीस वर्षं उभी राहिलेली माझी आत्या मग दोन महिने कुणाकडे ना कुणाकडे राहून येते. यंदा ती माझ्याकडे आली, बेंगळूरूला, हेब्बाळमध्ये. आठवडाभर मुकाट्यानं भाजी-भात जेवली आणि रविवारी सकाळी म्हणाली, "बाय, इथं मासळी कुठं मिळते ते दाखव बघू."

घरापासून दहा मिनिटांवर मासळीची तीन-चार दुकानं आहेत. थर्माकोलची खोकी, त्यात बर्फ, बर्फावर सुरमई, बांगडे, कोळंबी. बाजूला स्टीलच्या टेबलावर रोहू आणि कटला. आत्यानं सुरमई उचलली, कल्ला उघडून आत पाहिलं आणि पाठीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला.

"हिला मरून आठ दिवस झाले."

दुकानदाराला मराठी येत नव्हतं, पण अर्थ कळला. पश्चिमेला बंदी आहे, हा चेन्नईकडचा माल, कालच आलाय, असं त्यानं हिंदीत सांगितलं.

"इथं काल आला. पाण्यातून कधी निघाला ते विचार त्याला," आत्या मला म्हणाली.

मागं रांगेत माझ्या ओळखीचे एक साहेब उभे होते. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आधी भंडारा-गोंदियाकडे, मग भिगवणला. निवृत्त झाल्यावर इथल्याच सहकारनगरला मुलीकडे राहतात. आत्याची ओळख करून दिली तशी ती पदर सावरून "नमस्कार साहेब" म्हणाली. खात्याच्या माणसाला किनाऱ्यावर साहेबच म्हणतात, निवृत्त झाला तरी. साहेबांनी टेबलावरच्या कटल्याकडे बोट दाखवलं.

"ताई, तोच अंगठा आता याच्यावर दाबा."

आत्यानं दाबला. मांस लगेच वर आलं. कल्ला लालभडक, अंगावर बुळबुळीत चकाकी, डोळा फुगीर आणि स्वच्छ. तिनं मासा परत ठेवला.

"ताजा आहे," ती म्हणाली. "पण साहेब, हा मासा नव्हे."

या एका वाक्यावरून सुरू झालेला वाद दुकानातून तलावावर आणि तलावावरून आमच्या स्वयंपाकघरात आला. मी त्यात थोडंच बोलले. पण जे ऐकलं त्यानं माझं मत पक्कं झालं, आणि ते कुणाला तरी सांगावं असं वाटलं म्हणून हे लिहिते आहे.

दोन किलोचा कटला आम्ही घेतलाच, साहेबांनी घ्यायला लावला. तो साफ करून बर्फात ठेवायला सांगितला आणि हेब्बाळ तलावाच्या काठानं चालायला लागलो. पलीकडे उड्डाणपुलावर विमानतळाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग, अलीकडे पाण्यात बुड्या मारणारे पाणकावळे.

"मासा नव्हे म्हणजे काय, ताई?"

"दर्यातला मासा स्वतःचं पोट स्वतः भरतो. तुमचा हा पेंडीवर वाढवलेला, कोंबडीसारखा. चव चिखलाची."

"वासाचं खरं आहे," साहेब म्हणाले. "तो चिखल मात्र नसतो. तळ्यातलं शेवाळ आणि काही जिवाणू एक द्रव्य सोडतात, ते माशाच्या चरबीत जाऊन बसतं. विकायच्या आधी काही दिवस स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवला की वास जातो. पण तेवढ्यात वजन घटतं, म्हणून कुणी ठेवत नाही. आणि पेंडीचं म्हणाल तर कटला वरच्या थरातले तरंगते सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. एकाच तळ्यात तीन मजल्यांवर तीन बिऱ्हाडं, कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही. शेणखत टाकलं की पाणी हिरवं होतं, तेच त्यांचं अन्न. वरून भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड. यात दर्यातला एकसुद्धा मासा खर्ची पडत नाही."

"आणि बी? बी कुठनं आणता?"

या प्रश्नानं साहेब खुलले. रोहू-कटला तळ्यात वाढतात पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्यामुळं पूर्वी पावसाळ्यात नद्यांतून मत्स्यबीज गोळा करत, आणि त्यात भलतेसलते खादाड मासेही येत. १० जुलै १९५७ रोजी कटकच्या संशोधन केंद्रातल्या हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्याच मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांना कोंडलेल्या पाण्यात अंडी घालायला लावली. आज आंध्रपासून बंगालपर्यंतची सगळी गोड्या पाण्यातली मत्स्यशेती त्या एका सुईवर उभी आहे. १० जुलै हा आपल्याकडे मत्स्यशेतकरी दिन आहे तो त्यामुळंच.

"जिऱ्याएवढं पिल्लू ते मत्स्यजिरे," साहेबांनी करंगळीचं टोक दाखवलं, "बोटाएवढं झालं की बोटुकली. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी, वर ऑक्सिजन, तोंडाला रबर. अशा पिशव्या मांडीवर घेऊन मी एसटीनं गेलोय गोंदियाच्या तळ्यांवर. तिथं ढीवरांच्या सहकारी संस्था आहेत, मालगुजारी तलाव आहेत. त्या माणसांना दर्या कुठला? त्यांच्या पोराच्या ताटात मासा येतो तो या जिऱ्यातून."

आत्या गप्प राहिली. ढीवराच्या पोराचा मुद्दा तिला लागला होता, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

साहेबांनी समोर हात केला. "आणि हे हेब्बाळ. समुद्र इथून साडेतीनशे किलोमीटर, गाव नऊशे मीटर उंचावर. तरी इथल्या कृषी विद्यापीठाच्या आवारात गोड्या पाण्यातल्या माशांवर संशोधन चालत आलंय. ज्या गावाला दर्या नाही त्याला तळं आहे, ताई. चांगल्या तळ्यातून पहाटे ओढलेला मासा दुपारी इथं मिळतो. तुमची सुरमई बर्फात आठ दिवस काढून येते."

"ती सुरमई इथं आणायचीच कशाला?" आत्या उसळली. "हेच मी म्हणते. दर्याकाठच्या माणसाला परवडत नाही आणि इथं शिळी होऊन पडते."

मला वाटतं, दोघं एकच गोष्ट दोन टोकांनी बोलत होते. पण ते त्यांना पटायला अजून वेळ होता.

तलावाच्या काठी बाकावर बसलो. साहेबांनी आकडे काढले. अन्न आणि शेती संघटनेच्या हिशेबात २०२२ साली जगात पहिल्यांदाच पकडलेल्या माशांपेक्षा वाढवलेले मासे, कोळंबी, कालवं यांचं वजन जास्त भरलं. वाढवलेला माल ९ कोटी ४४ लाख टन. आणि समुद्रातल्या ज्या साठ्यांची मोजदाद होते त्यातले एक तृतीयांशाहून अधिक साठे आपण झेपेल त्यापलीकडे उपसतो आहोत.

"मला आकडे नकोत," आत्या म्हणाली. "मी टोपल्या मोजल्यात. माझ्या लग्नात पापलेट टोपलीनं विकायचं, आता नगानं विकतात. हाताच्या पंजाएवढं पापलेट यायचं, आता तळहातावर चार बसतील एवढं येतं. अंडी घालायच्या आधीच बाजारात."

तिच्या टोपल्या आणि सरकारी आकडे जुळतात. २०१९ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २ लाख १ हजार टन मासळी उतरली, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीप्रमाणे पंचेचाळीस वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी वादळांनी बरेच दिवस बुडवले हे खरं, पण नुसत्या वादळांनी एवढी घसरण होत नाही. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांचं किमान आकारमान ठरवून त्याहून लहान मासे पकडायला राज्यानं बंदी केली.

"कायदा झाला, चांगलं झालं," आत्या म्हणाली. "पण लिलावात पट्टी घेऊन कोण उभा राहतो? पर्ससीनवाले किनाऱ्याजवळ येतात, रात्री एलईडी लावून मासा गोळा करतात. त्यालाही बंदी आहेच की. साहेब, दर्या आटला नाही. दर्या लुटला. आणि लूट भरून काढायला तुम्ही तळी दाखवता. उद्या म्हणाल, तळी आहेत ना, मग दर्याचं काय एवढं!"

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. बंदरं वाढतात, किनाऱ्यावर रस्ते येतात, खाडीत रसायनं सोडली जातात आणि कोळ्यांना सांगितलं जातं की आता पिंजऱ्यात मासे वाढवा. मत्स्यशेती ही समुद्राची भरपाई म्हणून पुढं केली जाते तेव्हा तिला विरोध करायला हवा. साहेबांनाही ते मान्य होतं. मान हलवून म्हणाले, "त्यात माझ्या खात्याची चूक आहे. आम्ही बीज किती सोडलं ते मोजलं. समुद्रात काय उरलं ते कमी मोजलं."

मग आत्यानं तिचा खरा घाव घातला.

"कटल्याला पेंड घालता, मान्य. कोळंबीला काय घालता?"

साहेब थांबले.

"मी सांगते. तारली, ढोमी, लहानसहान मासळी सगळी कुटीला जाते. गाड्या भरून. तिची भुकटी होते, तिचं खाद्य होतं, ते तुमच्या कोळंबीला आणि कोळंबी जाते अमेरिकेला. तारली हा गरिबाचा मासा, साहेब. भाकरीबरोबर भाजून खायचा. तो आता गोऱ्या माणसाच्या कोळंबीच्या पोटात जातो."

हे जगभर असंच चाललं आहे. पेरूच्या किनाऱ्यावरचा छोटा अँकोव्ही मासा बहुतेक सगळा भुकटी आणि तेल होऊन जातो. पश्चिम आफ्रिकेत, सेनेगल, गांबिया, मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर, तिथली माणसं रोज खातात तो तारलीच्या कुळातला मासा भुकटीचे कारखाने उचलतात. ती भुकटी दूरदेशीच्या मत्स्यशेतीला लागते. गरम देशातल्या गरिबाचा मासा दळून श्रीमंताचा मासा पोसायचा हा व्यवहार आहे, आणि त्याला सरसकट मत्स्यशेती म्हणून कटल्याच्या शेजारी बसवलं जातं, हे मला अजिबात पटत नाही.

नॉर्वेचं नाव यात हटकून येतं. वर्षाला सुमारे १५ लाख टन सालमन वाढवणारा तो देश. १९५२ साली भारत आणि नॉर्वेचा मत्स्यव्यवसायाचा करार झाला, केरळात नींडकरा इथं यांत्रिक होड्या आल्या, आणि पुढं गोठवलेल्या कोळंबीच्या निर्यातीनं किनाऱ्याचं सगळं गणित बदललं. कोळंबीला डॉलर मिळतो म्हटल्यावर ट्रॉलर तळ खरवडायला लागले. त्याच नॉर्वेच्या मदतीनं १९९८ नंतर हा हेब्बाळ तलावही साफ झाला. आम्ही बसलो होतो त्या काठाचा इतिहास असा कोळंबीच्या इतिहासाला जोडलेला आहे.

"कोळंबीचं तुम्ही म्हणता ते खरं," साहेब म्हणाले. "मी तिची वकिली करणार नाही. आता जी कोळंबी वाढवतात ती व्हेनामी, अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्याची, आपल्याकडे २००९ पासून. तिचा शेतकरी रात्री झोपत नाही. तळ्यात ऑक्सिजन सर्वांत कमी होतो पहाटे, सूर्य उगवायच्या आधी. चाकी पंखे फिरायचे थांबले, वीज गेली, की तासाभरात पीक तळाशी. कर्ज काढून केलेलं पीक. मग तो भीतीनं औषधं टाकतो. नको ती प्रतिजैविकं टाकतो."

"आणि शेजारच्याचं काय?" आत्या म्हणाली. "माझ्या नणंदेच्या गावी खाडीकाठी अशी तळी केली. खारं पाणी आत घेतलं, ते झिरपलं, शेजारची भातखाचरं खारट, विहिरीचं पाणी तोंडात धरवेना. दोन-तीन वर्षांत कोळंबीला रोग आला, तळीवाला गेला निघून. खाचर अजून पडीक आहे."

असं देशभर झालं म्हणूनच एस. जगन्नाथन हे गांधीवादी कार्यकर्ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ११ डिसेंबर १९९६ ला निकाल लागला. किनारा नियमन क्षेत्रातले कोळंबी प्रकल्प पाडा, झालेल्या नुकसानीची भरपाई द्या, असा तो आदेश होता. पुढं २००५ मध्ये किनारी मत्स्यशेतीचा कायदा आला आणि नोंदणी करून ही तळी चालू राहिली. कोळंबी परत आली, पूर्वीपेक्षा कितीतरी मोठी होऊन. आज भारताच्या मासळी निर्यातीत पैशाच्या हिशेबानं सर्वांत मोठा वाटा गोठवलेल्या कोळंबीचा आहे. २०२३-२४ मध्ये ही एकूण निर्यात ६०,००० कोटी रुपयांवर गेली होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं तेव्हा आंध्रातल्या तळ्यांच्या बांधावर रडू कोसळलं. ज्यांच्या ताटासाठी आपण खाचरं खारट केली त्यांनी एका कागदावर दार लावून घेतलं.

ऊन चढायला लागलं तशी मी उठले आणि इतका वेळ मनात असलेलं विचारलं. "साहेब, पेंड कळली, बीज कळलं. पाण्याचं काय? कटला आपण घेतला तो कुठल्या पाण्यातला?"

हेब्बाळला राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडतोच. या खोऱ्यातलं सांडपाणी हेब्बाळ आणि आसपासच्या केंद्रांत शुद्ध होतं. तिथून हेब्बाळ-नागवार खोरे योजनेत रोज २१ कोटी लिटर पाणी पाइपांनी बाहेर नेऊन बेंगळूरू शहर, बेंगळूरू ग्रामीण आणि चिक्कबळ्ळापूर या जिल्ह्यांतली ६५ तळी भरायची अशी आखणी आहे. हेतू चांगला आहे. त्या दुष्काळी पट्ट्यात विंधनविहिरी हजार-हजार फुटांवर गेल्या होत्या, तळी वर्षानुवर्षं कोरडी होती. तळी भरली, भूजल वर आलं. पण शुद्धीकरण दुसऱ्या टप्प्यावर थांबतं. तिसरा टप्पा करा, अशी तिकडच्या लोकांची मागणी आहे. शेजारच्या कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्याचं पाणी २०१८ मध्ये कोलारकडे सोडलं तेव्हा तळ्यावर फेस आला, आणि प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. आणि तळं भरलं की त्यात बोटुकली पडतेच. कुणी ना कुणी मासेमारीचा हक्क घेतो. मासा मोठा होतो आणि शहरात परत येतो. आपल्याच न्हाणीघरातून गेलेलं पाणी आपल्याच ताटात कटला होऊन येतं.

मला वाटलं होतं आत्या आता टाळी देईल. ती साहेबांकडे पाहत राहिली. साहेबांनी उत्तर द्यायला वेळ घेतला.

"सांडपाण्यातला मासा म्हणजे विषारी मासा, असं नसतं," ते म्हणाले. "कलकत्त्याच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टरांची पाणथळ जमीन आहे, २००२ पासून रामसर यादीत. शहराचं सांडपाणी तिथल्या उथळ तळ्यांत येतं. तिथले मच्छीमार पाणी उन्हात ठेवतात, शेवाळ वाढू देतात, मग थोडं-थोडं माशांच्या तळ्यात घेतात. ऊन आणि शेवाळ घाण पचवतात, मासा शेवाळ पचवतो. पिढ्यानपिढ्यांचं ज्ञान आहे ते. ध्रुवज्योती घोष नावाच्या अभियंत्यानं ते जगाला दाखवून दिलं. माणसाचं मलमूत्र हे तळ्याला खत आहे. वाईट असतं ते त्याच गटारात येणारं कारखान्याचं पाणी. क्रोमियम, शिसं, कॅडमियम. ते शेवाळाला पचत नाही, माशाला पचत नाही. साठत जातं."

"मग हेब्बाळच्या गटारात नुसतं न्हाणीघराचंच पाणी येतं का?" मी विचारलं.

"नाही. कुठल्याच शहराच्या गटारात येत नाही." साहेब थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिले. "भिगवणला मी हेच पाहिलं. उजनी धरणात पुण्याचं, पिंपरी-चिंचवडचं पाणी येतं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला भीमेचे किती प्रकारचे मासे जाळ्यात यायचे. निवृत्तीच्या वेळी जाळं ओढलं की चिलापीच चिलापी. ती कुठल्याही पाण्यात जगते, म्हणून तीच उरली. लोक भिगवणची मच्छी म्हणून गाडी थांबवून आवडीनं खातात. मलाही अभिमान वाटायचा, चार पैसे येतात मच्छीमाराला. पण जाळ्यात एकच जात यायला लागली की समजावं, पाणी आपल्याला काहीतरी सांगतंय."

मग आपणहून ते मांगूरवर आले. आफ्रिकी मांगूर पाळायला देशात केव्हाचीच बंदी आहे. हवेतून श्वास घेतो, घाणीत जगतो, कोंबडीच्या दुकानातलं आतडं-कोथळं खाऊन सहा महिन्यांत विक्रीला तयार. पुरात तळं फुटलं की नदीत शिरतो आणि देशी मासे खाऊन टाकतो. २०२० च्या सुरुवातीला उजनीच्या भागातली मांगूरची तळी खात्यानं नष्ट केली. बेंगळूरूच्या आसपासही ती वरचेवर सापडतात.

"तो मासा मी विकत नाही," आत्या ताडकन म्हणाली. "आणि कुणी विकला तर त्याच्याशी बोलत नाही."

"मीही पाळू देत नव्हतो," साहेब म्हणाले.

त्या सकाळी दोघांचं पहिल्यांदा पुरतं एकमत झालं.

परतताना दुकानातून कटला घेतला. आत्यानं मला विचारायला लावलं, हा कुठल्या तळ्याचा? दुकानदार म्हणाला, "लोकल." कुठलं लोकल? त्याला ठाऊक नव्हतं. पहाटे बाजारात टेम्पो येतो, तो उतरवून घेतो, बस. त्यात त्याचाही दोष नाही, कारण त्याला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

घरी आत्यानं तुकड्यांना मीठ-हळद आणि भरपूर कोकमाचं आगळ लावलं. "आगळ वास काढतो, मातीचा असो की तुमच्या त्या द्रव्याचा," ती म्हणाली. अर्ध्या तासानं तुकडे धुऊन घेतले, पुन्हा मसाला लावला, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर टाकले. साहेब जेवायला थांबले होते. आत्यानं पहिला तुकडा त्यांच्या ताटात वाढला, मग स्वतः एक मोडला, काटा बाजूला काढला, चावून पाहिला.

"काय, ताई?"

"चांगला आहे. सुरमई नाही." थोडं थांबून म्हणाली, "पण त्या दुकानातल्या सुरमईपेक्षा चांगला आहे."

माझं मत मी सांगते. समुद्रकाठी राहणाऱ्यानं समुद्राचा मासा खावा, त्या-त्या मोसमातला, अंडी घालून मोकळा झालेला, आणि बंदीच्या दोन महिन्यांत सुकी मासळी खावी. आपल्या आज्या तशाच खात. आतल्या गावांनी तळ्यातला मासा खावा. रोहू-कटल्यासारखा, शेवाळ आणि कोंड्यावर वाढणारा मासा ही या देशाला मिळालेली फार मोठी देणगी आहे आणि तिला कमी लेखणं हा समुद्रकाठच्या माणसाचा गर्व आहे, माझ्या घरातलासुद्धा. गरिबाची तारली दळून कोळंबी किंवा सालमन पोसणं हे मात्र मी मत्स्यशेती मानत नाही. आणि मासा समुद्रातला की तळ्यातला हे विचारण्याआधी, तो कुठल्या पाण्यात वाढला, हे विचारायला हवं.

यात एक गोष्ट मला फार लागते. २०१६ पासून युरोपात जाणाऱ्या आपल्या तळ्यांत वाढवलेल्या कोळंबीच्या शंभरातल्या पन्नास खेपांची तिकडच्या बंदरात प्रतिजैविकांसाठी तपासणी होते. एका नमुन्यात दोष सापडला की माल परत. त्या धाकानं निर्यातदार आधीच प्रयोगशाळेत नमुने पाठवतात. म्हणजे तपासायची यंत्रं आहेत, माणसं आहेत, पद्धत आहे, आणि सगळं आपल्याच देशात आहे. पण ती यंत्रं परक्या ताटासाठी चालतात. चिक्कबळ्ळापूरच्या तळ्यातला मासा हेब्बाळच्या ताटात येईपर्यंत त्याला कुणी विचारत नाही. गोव्यात आणि केरळात २०१८ साली माशांत फॉर्मालिन सापडल्याची बोंब झाली तेव्हा काही आठवडे तपासण्या झाल्या, नाके बसले. बोंब थांबली आणि नाकेही ओस पडले.

हे अवघड काम नाही. ज्या ६५ तळ्यांना हेब्बाळ खोऱ्याचं शुद्ध केलेलं पाणी द्यायचं ठरलं आहे, त्या प्रत्येक तळ्याच्या बांधावर एक फलक लावा. पाण्याची तपासणी कधी झाली, माशाच्या मांसात शिसं, कॅडमियम, क्रोमियम किती निघालं, तारीख घालून, कन्नडमध्ये, मोठ्या अक्षरांत लिहा. उजनीच्या काठावर तोच फलक मराठीत लावा. मासेमारीचा हक्क देताना ही तपासणी करारात घाला आणि तिचा खर्च शहरावर टाका, कारण पाणी शहराचं आहे. तपासणीत मासा चांगला निघाला तर तळ्याच्या नावानं विका, भाव चार पैसे जास्त लावा. वाईट निघाला तर पाणी आधी सुधारा, मासा मग सोडा. महाराष्ट्रानं २०२५ च्या एप्रिलमध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. मग शेतीला असते तशी मातीपरीक्षणाची पत्रिका तळ्यालाही मिळू दे.

जुलै संपता संपता आत्या हर्णैला परत गेली. नारळी पौर्णिमेआधी तिला घरी असायचंच असतं. जायच्या आदल्या रविवारी आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. दुकानदारानं आम्हाला पाहिलं आणि विचारायच्या आतच टेबलावरच्या कटल्याकडे बोट करून एका तळ्याचं नाव घेतलं. दोन आठवडे कुणीतरी दर रविवारी विचारतंय म्हटल्यावर त्यानं टेम्पोवाल्याला विचारून ठेवलं होतं.

तुम्ही पुण्यात असा, नागपुरात असा की हेब्बाळला, येत्या रविवारी मासा घेताना एवढंच विचारा: कुठल्या पाण्याचा?